दोन्ही यंत्रं नापास

चाकणच्या शिवारात माझ्याइतकी सरळ पेरणीची पाभर कोणी धरली न्हाई राव. म्हणजे सरळ चालायचे ते बैल, मी नुसता मागं लोंबकळायचो.

परवा पोरानं न नांगरता पेरायची दोन यंत्रं बघायला आणली. कंपन्यांच्या मधे उरलेलं आमचं कोरडवाहू रान, ओल जेमतेम. हरभरा वर पडला तर हंगाम गेला. जमीन चिरणाऱ्या गोल तव्यांच्या यंत्रानं दाणा वरच टाकला. माती उकरणाऱ्या दात्यांच्या यंत्रात कापणीनंतर उरलेली बाजरीची धसकटं अडकली.

मला उकळ्याच फुटल्या. बायकोला म्हटलं, "दोन्ही नापास! मी पाभर धरायचो, तू चाड्यात मुठीनं बी सोडत मागं यायचीस. काय दिवस होते गं!"

ती पोराला म्हणाली, "दात्यांचं घे रे. धसकटं काढता येतील. आणि ओळ चुकली तर ते बायकोवर ओरडत न्हाई."