उत्तर सांगायचं नाही

अगं ऐक, ऐक, पर्स-बिर्स नंतर ठेव, आधी ऐक काय झालं ते! आत्ता, म्हणजे आज सकाळी गं, मी माझ्याच घराच्या बाल्कनीत अडकलेली, हातात ओली चादर, पोटात तीन कप चहा, आणि आत माझे सासरे माझ्या पोरीची परीक्षा घेतायत! किंवा पोरगी त्यांची घेतेय. किंवा दोघं मिळून माझी... ते मला अजून कळलेलं नाहीये.

तुला माहितीये ना, आमच्या भिंगरीला आम्ही शाळेत घातलेलं नाही. आम्ही म्हणजे मी. नवरा नुसती मान हलवतो, तीही हो ला की नाही ला ते कळू देत नाही. पोरगी सात वर्षांची झाली आणि मी आपली जगाला सांगत फिरतेय, मूल आपलं आपण शिकतं! आपण फक्त मध्ये कडमडायचं नाही. घरात एकच नियम : उत्तर सांगायचं नाही. आणि ती शिकते गं, खरंच शिकते! वाचता येत नाही अजून, ते जाऊ दे, पण स्क्रूच्या डोक्याकडे बघून कुठला स्क्रूड्रायव्हर लागेल ते सांगते. गेल्या महिन्यात नळ शिकली, आम्ही सगळे पाण्यात. मग घड्याळ शिकली, तेव्हापासून आमच्याकडे नेहमी सव्वाचारच वाजलेले असतात. पण मी बोलले का काही? नाही! मूल आपलं आपण शिकतं!

तर नवरा परवा म्हणाला, "हे बघ, बाबांना एकदा येऊन बघू दे. ते हो म्हणाले तर मी पुन्हा शाळेचं नाव काढणार नाही. नाही म्हणाले तर सोमवारपासून शाळा." आणि बाबा म्हणजे कोण? निवृत्त मुख्याध्यापक! ते घरात आले ना, की पंखासुद्धा आवाज न करता फिरतो. मी का हो म्हणाले? मला काय अवदसा आठवली? पण म्हणाले.

म्हणून सकाळपासून माझी धांदल. घर आवरलं, पाण्याचे डाग पुसले, घाबरून चहावर चहा प्यायले, आणि म्हटलं, ते यायच्या आत एवढी चादर वाळत घालू. बाल्कनीत गेले, वारा आला, दार धाडकन बंद! म्हटलं, असू दे, उघडू. वळून बघते तर दाराला हँडलच नाही! काचेतून आत बघितलं तर हँडल जमिनीवर वर्तमानपत्रावर, स्क्रू ओळीने मांडलेले, आणि पुढे मांडी घालून आमची विदुषी.

"भिंगरे, दार उघड!"

"थांब ना आई, मी बघतेय हे आतून कसं असतं."

"बघ, पण आधी उघड!"

"आधी बघितल्याशिवाय उघडणार कसं?"

मीच शिकवलंय ना असं बोलायला! म्हणजे शिकवलं नाही, ती आपली आपण शिकली!

आणि बेल वाजली. आले! भिंगरी उड्या मारत गेली, दार उघडलं. बाबांनी बूट काढले, नीट जोडून ठेवले, आत आले, आणि काचेपलीकडे सून बघितली. चादर घेऊन उभी. मी काय करणार, तिथूनच वाकून नमस्कार केला.

"सूनबाई, बाहेर का?"

"काही नाही बाबा, ती शिकतेय."

खिडकी उघडी होती, जाळीतून सगळं ऐकू येत होतं. ते म्हणाले, "सुताराला बोलावू का?" आणि मी... मी म्हणाले, "छे छे, ती लावेल की!" अगं, बोलावा म्हणायला काय झालं होतं मला? पण अभिमान! समोरच्या बाल्कनीतल्या काकू तेवढ्यात, "काय गं, केव्हाची एकच चादर झटकतेयस?" म्हटलं, "सुरकुत्या फार आहेत हो काकू!"

बाबा खुर्ची ओढून भिंगरीजवळ बसले. घसा खाकरला. "सात आठे किती?"

भिंगरी म्हणाली, "तुम्हाला येत नाही का आजोबा?"

मी डोळे मिटले. गेलं म्हटलं, सोमवारपासून शाळा. तर ते म्हणाले, "येतं."

"मग मला कशाला विचारता? मला हे विचारा ना, की इथे एक चौकोनी सळई होती, ती कुठे गेली. ती नसली तर हँडल नुसतंच गरगर फिरतं. पण आजोबा, कळलं तरी सांगायचं नाही हं, आमच्याकडे नियम आहे."

आणि तुला सांगते, माणूस बदलला! पुढे वाकले, चष्मा वर केला, "बरं, ती सळई काय काम करते?" भिंगरी सांगतेय, ते ऐकतायत. ती सोफ्याखाली शोधतेय, ते बघतायत. ती म्हणाली, "गोल वस्तू लांब घरंगळते, ही चौकोनी आहे, म्हणजे जवळच असणार." ते खिडकीपाशी आले आणि हळूच म्हणाले, "सूनबाई, मला पटतंय हं तुझं."

पटतंय! अगं, त्यांना पटतंय! मी जिंकलेच होते गं! फक्त गप्प राहायचं होतं. एवढंच, गप्प!

पण सळई कुठे होती माहितीये? ते बसले होते त्या खुर्चीखाली! मला बाहेरून स्पष्ट दिसत होती. आणि त्यांनाही दिसली होती गं, मी बघितलं ना, परत बसताना त्यांनी खाली बघितलं, मग शांतपणे छताकडे. ढिम्म! अख्खा जन्म परीक्षेच्या हॉलमध्ये गेलेला माणूस, पोरं समोर घाम गाळतायत आणि आपण उत्तर माहीत असून येरझारा घालायच्या, ही त्यांची चाळीस वर्षांची साधना! आणि इकडे माझे तीन कप चहा... तुला कळतंय ना मी काय म्हणतेय? एका पायावरून दुसऱ्या पायावर. भिंगरी टेबलाखाली बघतेय. कपाटाखाली बघतेय. खुर्चीजवळ आली... आली... आणि पुन्हा सोफ्याकडे वळली!

"अगं खुर्चीखाली आहे कार्टे, खुर्चीखालीऽऽ!"

समोरच्या काकूसुद्धा आत पळाल्या.

भिंगरीने सळई काढली. हातात धरली. "मी शोधत होते ना आई! मला सापडणारच होती! तू का सांगितलंस?" आणि डोळ्यांतून घळाघळा. मला इतकं वाईट वाटलं गं, काचेला हात लावून नुसती उभी राहिले, तिचे डोळे पुसायलाही जाता येईना.

मग नाक ओढत तिने विचारलं, "आजोबा, तुमच्या शाळेत मध्येच कुणी उत्तर सांगितलं तर?"

"वर्गाबाहेर उभं करायचो."

दोघांनी माझ्याकडे बघितलं. मी बाहेरच उभी.

"किती वेळ?"

"तास संपेपर्यंत."

अगं, तिने सळई खिशात घातली! आणि आजोबांना घेऊन स्वयंपाकघरात गेली बिस्किटं खायला! परत आली, दोन मिनिटांत हँडल बसवलं, एकटीने, कुणी काही न सांगता, दार उघडलं. मी आधी कुठे धावले ते विचारू नकोस. बाहेर आले तर जाहीर झालेलं, "आई, मला शाळेत जायचंय. तिथे कुणी उत्तर सांगत नाही."

बाबाच बिचारे म्हणतायत, "अगं, घरीच बरं आहे की तुझं!" पण ती ऐकेल तर ना! नवऱ्याला फोन केला, तर तो गोड आवाजात, "मूल आपलं आपण ठरवतं ना गं?" आणि फोन ठेवला. आता मी कुठल्या तोंडाने नाही म्हणू? सोमवारी सकाळी तिला सोडायला जायचंय मला. आणि आमच्याकडे तर सव्वाचारच वाजलेले असतात!

तूच सांग, माझ्या जागी तू असतीस तर काय केलं असतंस?

...नको. थांब. सांगू नकोस.