एका शब्दाची फाईल

राव, थेरगावची गल्ली न् गल्ली नकाशात मी भरली आणि कौतुक झालं शेजारच्या टेबलावरच्या प्रसादचं! झालं काय, साहेबांनी नकाशा उघडला, तर नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. अक्षरं कशी वाचायची हे कॉम्प्युटरला सांगणारी छोटी फाईल सोबत लागते, तीच राहिली होती. प्रसादनं ती टाकली आणि सगळी नावं मराठीत दिसायला लागली. साहेब म्हणाले, “याला म्हणतात डोकं!”

माझं टाळकंच सरकलं. घरी बायकोला म्हणालो, “अगं, एक शब्द असतो त्या फाईलीत, एक!”

ती म्हणाली, “मग प्रसादभाऊजींना जेवायला बोलवा की. आपल्या टीव्हीवर पेनड्राइव्हमधल्या गाण्यांची नावं चौकोन-चौकोन दिसतात.”

येतोय रविवारी. मटण मीच आणायचंय.