तेव्हा जवळ कोण होतं?

निरोप समारंभाचे अध्यक्ष, आपणा सर्वांचे थोरले बंधू आदरणीय ओमुरझाक बायके, राजधानी बिश्केकहून मुद्दाम आलेले आरोग्य मंत्रालयाचे सन्माननीय पाहुणे, व्यासपीठावरील मान्यवर आणि आपल्या नारिनच्या केंद्रातील माझ्या बंधुभगिनींनो,

आत्ता माझ्या खांद्यांवर हा मानाचा झगा, चापान, घालताना बायके म्हणाले, बुरुल्चानं सरकारकडून निधी एकटीनं आणला. कौतुक मी नम्रपणे स्वीकारते. पण ते घडलं कसं, हे आज सांगू द्याल ना?

चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट. हृदयविकार आणि पक्षाघात यांच्या संशोधनाचा आपला अर्ज दोनदा परत आला होता. तिसऱ्या वेळी मंत्रालयानं मला समक्ष बिश्केकला बोलावलं. माझे यजमान सागिनबेक शाळेत भूगोल शिकवायचे. निघताना म्हणाले, "तो जुना कोट नको घालूस गं. साहेबांना वाटेल, पगारच मागायला आलीय."

मंत्रालयातल्या साहेबांनी विचारलं, "बाई, डोंगरातली माणसं घोड्यावर बसतात, मोकळी हवा खातात. त्यांच्या हृदयाला काय धाड भरलीय?"

मी म्हटलं, "साहेब, ते मोजायलाच तर निधी मागतेय."

साहेब हसले. तीन वर्षांचा निधी मंजूर झाला. जिना उतरत होते, तोच आमच्या शेजारच्या केरिमकुलचा फोन आला. सागिनबेकच्या अंगावरून वारं गेलं होतं. सकाळी केरिमकुल डोकावला, तेव्हा ते आडवे पडले होते, बोलणं जड येत होतं. थकले असतील म्हणून त्यानं पांघरूण घातलं, उशाशी चहा ठेवला आणि तो मेंढ्यांकडे गेला. परत येऊन पाहिलं, तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं. त्याला दोष कसा देऊ? ती लक्षणं त्याला शिकवली कोणी होती?

मी पोचले तेव्हा संध्याकाळ झाली होती. औषध लागू पडायची वेळ टळून गेली होती.

पुढच्या महिन्यात नोंदी सुरू झाल्या. नारिनमधल्या प्रत्येक रुग्णाची नोंद करायची, म्हणजे त्यांचीही आलीच. ती मीच केली. लक्षणं दिसली तेव्हा जवळ कोण होतं, असा एक प्रश्न होता. तो अर्जात मीच घातला होता. केरिमकुलचं नाव न घालता मी लिहिलं, कोणी नाही.

लक्षणं ओळखणारं माणूस जवळ हवं, हे त्या नोंदींवरूनच सरकारला पटलं. गावोगावच्या परिचारिकांना शिक्षण मिळालं, निधी दरवर्षी येऊ लागला. आज कितीतरी माणसं त्यामुळे चालतात, बोलतात. त्यांची माझी ओळख नाही. सागिनबेक मात्र जाईपर्यंत पाच वर्षं खिडकीपाशी बसून राहिले, एकाही शब्दाशिवाय. मी बोलायची, ते बघायचे.

लोक विचारतात, पुढचं ठाऊक असतं तर त्या दिवशी बिश्केकला गेली असतीस का? आजवर मी हसून विषय बदलत आले. सन्माननीय पाहुण्यांनी राग मानू नये, पण आज सांगते. नसते गेले.

आपण सर्वांनी मला सांभाळून घेतलंत, त्याबद्दल मनापासून आभार. निरोपाच्या प्रसंगी जे बोलायचं नसतं ते बोलून गेले असेन, तर पदरात घ्या. उद्यापासून मी घरीच आहे. वाट वाकडी करून कधी चहाला या. दार मात्र जरा जोरात वाजवा. कोणी येईल असं धरून चालायची सवय राहिलेली नाही.