चौतीस वह्यांचा उतारा

...आणि दोन हजार शब्द म्हणजे नेमके कुठले दोन हजार, हे नको का सांगायला त्या लोकांनी? राक्षस नुसता 'हं' म्हणाला, तर तो 'हं' धरायचा की सोडायचा? गोष्टीचं नाव आत मोजायचं की बाहेर? दिवाळी अंकात एवढीशी चौकट छापली, 'अद्भुतकथा स्पर्धा, मर्यादा दोन हजार शब्द, हस्तलिखित चालेल', की झाले हे मोकळे! मोजणार कोण? मी! तुम्हाला सांगतो, त्या आठ दिवसांत मी इतके शब्द मोजले, इतके मोजले, की बायको हाक मारायची, "अहो, या जेवायला, भाकरी निवली," आणि मी म्हणायचो, "पाच."

हसू नका. नोंद आहे माझ्याकडे.

मी हनुमान. धसईला प्रेमाताईंची भाताची गिरणी आहे, तिथं मी नंबर लिहितो. कोण आधी आलं, कोण मागून आलं, कोणाचं पोतं कुठलं. शिक्षण सातवी, पण डायरी रोजची, सत्तावीस वर्षं! पाऊस किती वाजता आला, कोणाची गाय व्याली, मुरबाडची एसटी किती मिनिटं उशिरा सुटली, सगळं लिहितो. कशाला लिहितो म्हणाल तर... ते काही लिहिलेलं नाही. आणि गेली अकरा वर्षं त्या डायरीत रोज शेवटी एक ओळ जास्तीची असते. प्रेमाताईंची कादंबरी आज किती पुढं गेली.

हो, कादंबरी! डोळे काय मोठे करता? गिरणीवालीनं लिहू नये? आणि तीही साधीसुधी नाही, सासू-सुनेची नाही, जादूची! राज्यं, राक्षस, पंख असलेली जनावरं! ताई माहेरच्या शहापूरकडच्या, बोलायला एकदम कमी, पण वही उघडली की डोंगर उचलून दुसरीकडे ठेवतील. फक्त लिहिणार कधी? गिरणी चालू असताना पट्ट्याचा आवाज, तूस उडतंय, शेजारच्याला शेजारचा ऐकू येत नाही. मग कधी? तर लाईट गेली की! लाईट गेली, पट्टा थांबला, की ताई गल्ल्याखालून वही काढायच्या. आणि पूर्वी लाईट काय जायची हो! सकाळी गेली की दुपारी. एकेका आठवड्यात प्रकरण पुरं! पुढं लाईट सुधारली आणि कादंबरी मंदावली. ऐका, वाचून दाखवतो. 'चौदा मार्च. लाईट वीस मिनिटं गेली. ताईंनी सात ओळी लिहिल्या, पाच खोडल्या, शिल्लक दोन. पंधरा मार्च. लाईट गेली नाही. ताईंनी कालच्या दोन्ही खोडल्या.'

नोंद आहे माझ्याकडे.

पण गोष्ट काय सुंदर म्हणता! एक राज्य, आणि तिथला सगळा वारा एका राक्षसानं गिळलाय. पान हलत नाही, ध्वज काठीला चिकटलेले, आणि खळ्यात झोडलेलं भात तसंच पडलंय. का? उपणायचं कसं! वारा नसेल तर दाणा आणि फोल वेगळं कसं करणार? सगळं राज्य भाताच्या राशीशेजारी उपाशी! हे मुंबईच्या माणसाला सुचेल का? मग राजा सैन्य पाठवतो राक्षसाला मारायला. आणि ते सैन्य निघतं... आणि अकरा वर्षं चालतंच आहे हो! चौतीस वह्या! दोनशेपानी!

का पोचेना? तर ताईंचा स्वभाव. लाईट गेली की लोकांचा खोळंबा व्हायचा. कोणी देवळ्याहून आलेलं, कोणी वरच्या वाडीवरून डोक्यावर बोचकं घेऊन आलेलं. ताईंना वाईट वाटायचं. मग काय करायच्या? ज्याचा खोळंबा झाला त्याला गोष्टीत एक माणूस लिहून द्यायच्या! गणू ट्रॅक्टरवाला म्हणाला, "ताई, दोन तास गेलं माजं, मना सेनापती पायजे." झाला सेनापती! अंबूबाई म्हणाली, "माणसं नको गो मला, माझ्या म्हशीला घे. पंख लाव तिला." लावले पंख! मग रांगेतून प्रश्न, "उडते तर दूध कधी काढायचं?" ताईंनी पुढच्या खेपेला लाईट गेली तेव्हा दूध काढायचं एक अख्खं प्रकरण लिहिलं, ढगावर बसून! त्रेसष्ट पात्रं झाली अशी. आणि लाईट येईपर्यंत लिहिलेलं वाचूनही दाखवायच्या. मुरबाडला मोठी गिरणी आहे, पटकन भरडून देते, पण लोक धसईलाच यायचे. लाईट जावी म्हणून!

आता ती दोन हजारांची चौकट. ताईंनी ती कापून कणग्यावर चिकटवली आणि मला म्हणाल्या, "हनुमानभाऊ, एकदा तरी छापलेलं बघायचंय हो. कादंबरी माझ्या जन्मात पुरी व्हायची नाय. ह्यातनं एक गोष्ट निघेल?"

तुम्हाला सांगतो, अकरा वर्षांत त्या बाईनं स्वतःसाठी काही मागितलेलं माझ्या डायरीत नाही. मी म्हटलं, निघेल! न निघायला काय झालं?

काय झालं ते सांगतो. पहिला प्रयत्न, नऊ हजार चारशे शब्द. दुसरा, सहा हजार. तिसऱ्यात त्रेसष्ट जणांना प्रत्येकी दोन वाक्यं दिली. मी वाचलं. मतदार यादी! सेनापती आला, गेला. म्हैस आली, गेली. राक्षस बिचारा शेवटच्या दोन ओळींत आला आणि दमून मेला. गणू म्हणाला, "ताई, चौतीस वह्यांतनं दोन हजार शब्द? शंभर किलो भाताला साठ किलो तांदूळ तरी पडतो! हा काय उतारा झाला? असा उतारा दिला तर गिरणी पेटवतील लोक!"

ताई हसल्या नाहीत. गोष्ट पाठवायला तीन दिवस उरले होते. म्हणाल्या, "गणू बरोबर बोलतो. मला गोष्ट येतच नाय, हनुमानभाऊ. अकरा वर्षं मी नुसती माणसं भरली." आणि वही पोत्यावर ठेवली. गल्ल्याखाली नाही, पोत्यावर! कोणीही उचलून न्यावी अशी!

मी घरी आलो. मला लेखनातलं काय कळतं? मला फक्त मागची पानं चाळता येतात. म्हणून अकरा वर्षांच्या डायऱ्या काढल्या. ताईंनी काय लिहिलं ते नाही बघितलं, ते बघून चौतीस वह्या झाल्याच होत्या. लोकांनी काय विचारलं ते बघितलं. वाचन झालं की कोण काय बोललं ते मी टिपतो ना! तर प्रत्येक जण आपापल्या माणसाबद्दल विचारतोय. गणू सेनापतीबद्दल, अंबूबाई म्हशीबद्दल. एकच बाई निराळी. लहानी. वरच्या वाडीवरची, पायलीभर भात घेऊन येते, कोपऱ्यात बसते, कधी माणूस मागितला नाही तिनं. पण दर खेपेला एकच, "ती डोकरी अजून बसलीच हाय का गो?"

कुठली डोकरी? मलाही आठवेना! शोधलं. पहिल्या वहीत, चौथ्या पानावर एक ओळ. 'एक म्हातारी सूप घेऊन खळ्यात वाऱ्याची वाट बघत बसली होती.' बस. पुढं सैन्य निघालं आणि म्हातारी राहिली तिथंच! आणि लहानीनं किती वेळा विचारलं असेल? सव्वीस वेळा! आणि सव्वीस वेळा ताईंचं उत्तर, "सैन्य पोचू दे, मग बघू."

नोंद आहे माझ्याकडे.

सकाळी ताईंसमोर डायऱ्या ठेवल्या. सव्वीस ठिकाणी भाताची काडी घालून ठेवलेली. ताईंनी वाचलं. पुन्हा वाचलं. गिरणी भरलेली, पट्टा धडधडतोय, अंबूबाईचं भात अर्धं आत, अर्धं बाहेर... आणि ताई उठल्या आणि त्यांनी मेन स्वीच खाली ओढला! लाईट असताना! अकरा वर्षांत पहिल्यांदा! गणू ओरडला, "ताई, लाईट हाय! लाईट हाय!" ताई म्हणाल्या, "माझ्यासाठी गेली." आणि वही घेऊन कोंड्याच्या पोत्यांमागं जाऊन बसल्या.

चार तास. चार तास कोणी हललं नाही. मी तरी काय लिहिणार? 'ताई लिहितायत.' अर्ध्या तासानं पुन्हा, 'लिहितायत.'

दुसऱ्या दिवशी त्यांनी वाचून दाखवलं. आता मला सांगताना... थांबा. हं. तर सैन्य नाही, राजा नाही, म्हैस नाही. म्हातारी वाट बघून कंटाळते. सूप आणि टोपलीभर भात घेते आणि निघते. एकटीच चालत राक्षसाच्या गुहेपाशी पोचते. राक्षस झोपलाय. पोटात सगळ्या राज्याचा वारा. म्हातारी त्याला उठवत नाही, शिव्या देत नाही, हात जोडत नाही. त्याच्या तोंडासमोर उभी राहते आणि सूप वर धरते. अहो, राक्षस झाला तरी श्वास सोडतोच ना! तो श्वास सोडतो आणि ही त्या श्वासावर भात उपणते! फोल उडून जातं, दाणे पायाशी. टोपलीभर झालं की घरी येते, चूल पेटवते. एवढंच! तलवार नाही, काही नाही! अकरा वर्षं सैन्याला जमलं नाही ते म्हातारीनं एका टोपलीत केलं.

मग अंबूबाई उठली. "आणि माझी म्हस? भात आमचं आणि कोंडा गिरणीत ठेवतेस काय? आमचा कोंडा आमाला दे!" बरोबर आहे हो तिचं, कोंडा गिऱ्हाइकाचाच असतो. ताईंनी काय करावं? वहीतलं म्हशीचं प्रकरण फाडलं, घडी केली आणि अंबूबाईच्या कोंड्याच्या पिशवीत घातलं. अंबूबाई खूश! आता देवीच्या फोटोमागं ठेवलंय तिनं.

लहानी मात्र कपाळाला आठ्या घालून बसलेली. मी म्हटलं, "काय गो लहानी, आवडली नाय?"

"डोकरी ब्येस हाय," ती म्हणाली. "पण तो मधीच कोन उभा हाय? तिला सांगतोय, आता श्वास येल, आता सूप धर. तिला वारा कळत नाय काय? जलमभर उपनते ती!"

आता हे कसं सांगू तुम्हाला. तो गुहेपाशी बसून राक्षसाचे श्वास वहीत टिपणारा कारकून, कानावर पेन, मिशी अशी बारीक कातरलेली... तो मी होतो. दुसऱ्या वहीपासून ताईंनी मला घातलेलं. खोळंब्याबद्दल नाही, आपणहून! त्रेसष्ट जणांत तेवढा एक. मी लहानीला म्हटलं, "तो मीच आहे."

ती म्हणाली, "तुमी व्हय? मंग बसा जरा बाजूला."

मोजले. दोन हजार एकशे एकतीस. आणि कारकुनाचे? एकशे चाळीस! तीनदा मोजले, की दुसरीकडून कुठून तरी निघतील. ताई म्हणाल्या, "तुमाला नाय काढणार मी. राक्षसाचे दात काढू." काढले. तेवीस गेले. "गुहा काढू." गुहा काढून राक्षस कुठं झोपवणार, रस्त्यावर? ताईंनी दात पुन्हा घातले आणि म्हणाल्या, "जाऊ द्या तशीच. तिकडं मोजणारे कोण?" तुम्हीच सांगा! मोजणाऱ्या माणसाला विचारतात, मोजणारे कोण! वर म्हणाल्या, "बाद झाली तर झाली. तुमच्याशिवाय नाय पाठवणार."

आणि मला माहीत होतं, ही बाई बोलली म्हणजे करणार. अकरा वर्षांनी एक गोष्ट पुरी झाली आणि ती अडली कोणावर? माझ्यावर!

मी त्यांच्या हातातलं पेन घेतलं. त्यांच्यासमोरच. आधी मिशी खोडली. मग पेन. मग वही. मग माझी दोन वाक्यं होती, बरी होती हो, तीही खोडली. आणि सगळं गेल्यावर वरची ओळ खालच्या ओळीला मिळाली. 'म्हातारीनं सूप वर धरलं. राक्षसानं श्वास सोडला.' जशी काही दोघं माझ्या खांद्यावरून माना लांब करून एकमेकांना शोधत होती, आणि मी मधे उभा! ताईंनी वाचलं आणि पदर तोंडाला लावला. मग हळूच म्हणाल्या, "चांगली झाली हो, हनुमानभाऊ." मी म्हटलं, "एक हजार नऊशे एक्क्याण्णव." दुसरं काय बोलणार? मग दहाच्या एसटीनं मुरबाडला गेलो आणि पोस्टात देऊन आलो. पाकिटाला डिंक दोनदा लावला, तीही नोंद आहे माझ्याकडे.

परवा पत्र आलं. पहिला नंबर! येत्या दिवाळी अंकात सगळ्यांत पुढं छापणार! गिरणीत पेढे, गणू नाचतोय, लहानीला ताईंनी गल्ल्यावर बसवलेलं. ताईंनी पत्र मोठ्यानं वाचायला घेतलं आणि एका ओळीवर अडखळल्या. माझ्याकडे बघेनात. मी म्हटलं, वाचा ताई, वाचा. संपादकांनी लिहिलंय, 'या कथेत एकही माणूस जास्तीचा नाही.'

खरंच आहे ते. एकच होता. तो हा तुमच्यासमोर उभा आहे.