चोवीस वेळा उघडलेलं झाकण

...आणि वर मलाच म्हणतो कसा, "घाई काय आहे, काका?" अरे, घाई काय आहे म्हणजे? पोटात कावळे ओरडायला लागले की घाई असतेच ना माणसाला! तुम्हाला सांगतो... बसा, बसा, मी सरकतो थोडा... तर हा दुकानातला टायवाला विक्रेता, पोट सुटलेलं, टक्कल पडलेलं, आणि समोर ओळीनं आठ भांडी मांडलेली, सगळ्यांना काचेची झाकणं, आणि सगळ्यांचं कर्तृत्व काय, तर जे गॅसवर अर्ध्या तासात शिजतं ते हे आठ तासांत शिजवणार! स्लो कुकर म्हणे! आळशीपणाला वायर जोडलीय नुसती!

मी कशाला जातोय असल्या दुकानात? पण आमची बायको स्टुलावरून पडली, उजवं मनगट मोडलं, हात प्लास्टरमध्ये. झालं! दुसऱ्या दिवसापासून मेहुणा डबा घेऊन हजर. हिचा भाऊ हो, धाकटा. डबा दे आणि जा ना! नाही. टेबलावर ठेवणार, खुर्ची ओढणार, आणि सुरू... "दाजी, बत्तीस वर्षं नोकरी केलीत, साधा बटाटा उकडता येत नाही?" हा कोण? ह्याला स्वतःच्या चपला सापडत नाहीत, बायको शोधून देते! आणि ही स्लो कुकरची अक्कलसुद्धा त्याचीच. "सगळं चिरायचं, आत टाकायचं, झाकण लावून विसरून जायचं. काही म्हणजे काही यावं लागत नाही, म्हणून तर तुम्हाला सुचवतोय!"

लागलं हो मनाला. त्याचा डबा बंद करायचा होता मला, आणि दुसरं म्हणजे... सांगतोच आता... हिच्या तोंडून एकदा, एकदाच, ‘छान झालंय’ ऐकायचं होतं. बस्स.

तर विक्रेता विचारतो, "घरात माणसं किती?" म्हटलं, दोन. "मग हा छोटा न्या." छोटा! मी काय बाहुलीचा संसार मांडतोय? मोठा उचलला, सहा लिटरचा. घरी येऊन पुस्तिका वाचतो तर काय, भांडं निदान अर्धं भरलंच पाहिजे, नाहीतर करपतं! आता दोन माणसं तीन लिटर खाणार कशी? म्हणजे भांडं भरावं म्हणून पाहुणे बोलवायचे! आणि कोणाला? मेहुण्याला! सहकुटुंब!

रविवारी सकाळी सातला सगळं आत. बटाटे, गाजरं, कांदे, घेवडा, सगळे तुकडे पट्टीनं मोजून एक इंचाचे. हसू नका. बिस्किटांच्या कारखान्यात तपासनीस होतो मी! दर पंधरा मिनिटांनी पट्ट्यावरचं एक बिस्कीट उचलायचं, मोडायचं, चाखायचं, वहीत लिहायचं. बत्तीस वर्षांत एक नोंद चुकली नाही. आणि हा टायवाला मला सांगतो, "झाकण उघडू नका हं काका, एकदा उघडलं की अर्धा तास वाढला." म्हणजे आत काय चाललंय ते बघायचंच नाही? असा कुठे माल तयार होतो?

सव्वासातला झाकण उघडलं. बटाटा, कच्चा. लिहिलं. साडेसातला उघडलं. बटाटा, कच्चा. लिहिलं. पावणेआठला... ही आतून, "अहो, ठेवा ना ते झाकून, घाई काय आहे?" बघा! हीसुद्धा! दहा वाजले, अकरा वाजले, वाफ येते, माझा चष्मा धुरकट होतो, बटाटा जिथल्या तिथे. बाराला सुरी टोचली तर सुरी वाकली. यंत्रच भिकार, दुसरं काय! आणि बरोब्बर एकला मेहुणा दारात.

वाढलं. त्याच्या बायकोनं गाजर चावलं, कटकन आवाज झाला, खिडकीतलं मांजर पळालं. आणि तुम्हाला सांगतो, ह्या गृहस्थानं पिशवीत हात घातला आणि डबा काढला! माझ्या घरी जेवायला येतो आणि डबा घेऊन येतो! एवढा विश्वास!

मी म्हटलं, यंत्रात खोट आहे, पुरावा आहे माझ्याकडे, आणि वही ठेवली समोर. मेहुण्यानं नोंदी बोटांवर मोजल्या. "चोवीस वेळा उघडलंत, दाजी. चोवीस अर्धे तास, म्हणजे बारा तास वाढले. पहाटे तीनला होईल तयार." आणि वर डोळा मिचकावून, "घाई काय आहे?"

मी त्याच्यावर ओरडणार, तेवढ्यात ही... डाव्या हातानं वहीची पानं उलटत होती. शांतपणे म्हणाली, "बत्तीस वर्षं मी कढईवर झाकण ठेवलं, आणि तुम्ही येऊन उचललंत. मीठ कमी दिसतंय, रंग बरोबर नाही, अजून व्हायचंय. माझ्यासुद्धा नोंदी ठेवल्या असतील ना कुठे?"

लाज वाटली. खरंच वाटली. मुकाट्यानं मेहुण्याचा डबा खाल्ला. चांगला होता मेला.

सोमवारी हिनं मला चिरायला बसवलं, सगळं आत घातलं, झाकण ठेवलं, दंडाला धरून मला दाराबाहेर काढलं आणि आतून कडी घातली. आठ तासांनी घेतलं घरात. आणि शिजलं होतं हो! लोण्यासारखं! हिनं घास घेतला, डोळे मिटले, म्हणाली, "छान झालंय." मी फुललो! बघतो तर माझ्याकडे पाठ... झाकणावरून हात फिरवत होती.

डबा बंद झाला, तेवढं एक बरं. पण तेव्हापासून हे असं. रोज सकाळी नऊला कुकरचं बटण चालू, नऊ वाजून एक मिनिटानं मी ह्या बाकावर. पाच वाजेपर्यंत. काल एक पेपरवाले गृहस्थ होते इथे, परवा एक बाई होत्या, आज दिसत नाहीत दोघंही.

आत्ता कुठे अकरा होतायत... अहो, उठलात कुठे? बसा हो, घाई काय आहे?