हजेरीपत्रकातल्या चौदा दांड्या

पोरांच्या दांड्यांचा विषय निघालाच आहे, तर माझीच फजिती सांगतो. रत्नागिरीच्या कोर्टात मुलीच्या ताब्याची केस होती. माझा अशील बोटीवर खलाशी. त्याची बायको वेगळी राहून मासळी विकायची आणि पाचवीतली मुलगी तिच्याकडे होती. आई मुलीला शाळेत पाठवत नाही, हा माझा मुद्दा. पुरावा म्हणून शाळेचं हजेरीपत्रकच दाखल केलं. वर्षात चौदा दांड्या.

जजसाहेब पत्रक बराच वेळ बघत राहिले. आजारी पोराचे सलग दिवस बुडतात. इथे महिन्याला एखादी दांडी, कधी सोमवारी, कधी गुरुवारी. त्यांना कोडंच पडलं. आईशेजारी बसलेल्या मुलीला त्यांनी पुढे बोलावलं.

"बाळ, शाळा बुडवून जातेस कुठे?"

"इथेच येते. तारखेला."

साहेबांनी केसचा रोजनामा काढून एकेक तारीख ताडून पाहिली. चौदाच्या चौदा जुळल्या.

"वकीलसाहेब, दर तारखेला मुलीला हजर ठेवा, हा अर्ज कोणाचा?"

"माझाच. बापाला मुलगी भेटावी म्हणून केला होता."

"मग बाप किती तारखांना आला?"

आजही तो बोटीवरच होता. मी उगाच फाइल चाळू लागलो. तेवढ्यात मुलगीच म्हणाली, "बाबा दोनदा आले. एकदा पूर्ण दिवस, एकदा अर्धा."