ब्लाइन-नांटच्या फाटकावरची कोल्हीण

पुरवणी जबाब. दिनांक १७ एप्रिल २०२३, सकाळी ११ वाजता.

मी मेरेरिड प्रॉसर, वय ६३ वर्षे, धंदा मेंढपालन, राहणार ब्लाइन-नांट, मध्य वेल्स, समक्ष हजर राहून सांगते की, वरील पत्त्यावर मी एकटी राहते. नवरा वारल्याला सहा वर्षं झाली. माझ्याकडे दोनशे चाळीस मेंढ्या आहेत. मुलगी लोवरी, वय ३४, बर्मिंगहॅमला जखमी प्राण्यांच्या आसरा केंद्रात काम करते. १३ तारखेला याच ठाण्यात मी जबाब दिला. त्यावरून लोवरीवर गुन्हा दाखल होतो आहे. त्या जबाबात दोन गोष्टी खोट्या आहेत, म्हणून हा दुसरा. मला कोणी बोलावलेलं नाही, मी आपणहून आले आहे.

आमच्या खोऱ्यात गेली काही वर्षं एकच वाद आहे. शहरात पकडलेले कोल्हे लोक गाडीत घालून आमच्या डोंगरावर सोडतात, असं आमचं म्हणणं. तसं काही होत नाही, शेतकरी उगाच बोंब मारतात, असं शहरवाल्यांचं. कचऱ्याच्या डब्यावर वाढलेलं जनावर. त्याला ना शिकार येते ना माणसाचं भय. उपाशीपोटी ते येणार कुठे, तर आमच्या दारात आणि कोकरांत. म्हणून आम्ही समिती केली. शेजारी इदवाल बेब, वय ७०, हे अध्यक्ष. अनोळखी गाडी दिसली की नंबर लिहून ठेवायचा, असं ठरलं होतं.

८ तारखेला, ईस्टरच्या शनिवारी, संध्याकाळी सव्वासातला मी मेंढ्या पाहत असताना वरच्या फाटकाशी पांढरी व्हॅन थांबली. एक बाई उतरली. तिने मागून पिंजरा काढला, गुडघ्याचा टेकू देऊन उचलला, कुंपणापलीकडे नेला आणि दार उघडलं. कोल्हीण लगेच बाहेर आली नाही. बाई उकिडवी बसून तिच्याशी काहीतरी बोलत होती. गाडी अकरा मिनिटं थांबली आणि आल्या रस्त्याने परत गेली. घराकडे आली नाही.

'त्या बाईला मी ओळखत नाही,' असं मी पहिल्या जबाबात लिहून दिलं. हे एक खोटं. तेव्हा इदवाल माझ्या शेजारी बसले होते.

त्याच सकाळी लोवरीचा फोन आला होता की केंद्रात काम फार आहे, ईस्टरला येणं जमणार नाही. तरी मी दोघींपुरतं मटण काढून ठेवलं होतं. ते रात्री परत फ्रीजरमध्ये टाकलं.

११ तारखेला सकाळी कोल्हीण मागच्या दारी कचऱ्याच्या डब्यापाशी बसलेली दिसली. पुढच्या उजव्या पायावर केस भादरलेला चौकोन होता, सलाईनची सुई लावायला भादरतात तसा. मी काठी फेकली. तिने काठी हुंगली आणि आणखी जवळ आली.

१३ तारखेला पहाटे पावणेसहाला एका मेंढीला मेलेलं कोकरू झालं. दुसरीला तिळं होतं, आचळं मात्र दोनच, म्हणून त्यातलं एक उपाशी. अशा वेळी आम्ही मेलेल्याची कातडी सोलून जिवंत कोकराला अंगरख्यासारखी चढवतो. पिल्लू गमावलेल्या मेंढीला त्याला स्वतःच्या पिल्लाचा वास येतो आणि ती त्याला पाजते. लोवरी आठ वर्षांची असल्यापासून हे काम करायची. कोकराचे पाय कातडीच्या भोकांतून ओढायला बारीक बोटं लागतात. सोललेलं धड नियमाप्रमाणे झाकणाच्या पिंपात टाकायला हवं होतं. माझे हात रक्ताने भरले होते, मी ते भिंतीपलीकडे ठेवलं आणि विसरले.

साडेसहाला चहा घेऊन बाहेर आले तर कोल्हीण भिंतीशी, तोंडात कोकरू. मी आत गेले, कपाटाचं कुलूप काढलं, परवान्याची बंदूक भरून बाहेर आले. ती तिथेच. आमच्याकडची कोल्हीण एव्हाना डोंगर ओलांडून गेली असती. हिने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा खायला लागली. वीस पावलांवरून मी एक गोळी झाडली. राग कोल्हिणीचा किती आणि लोवरीचा किती, हे आता मला सांगता येणार नाही.

जवळ जाऊन पाहिलं तर कोकराच्या अंगावर कातडी नव्हती. माझ्याच हातचं सोललेलं ते. ब्लाइन-नांटवर यंदा कोल्ह्याने एकही कोकरू मारलेलं नाही. मी धड पोत्यात घालून पोत्याचं तोंड बांधलं.

साडेसातला इदवाल आले. म्हणाले, "मारलीस? शाब्बास! काय नेलं हिने?"

"कोकरू."

"धडधाकट होतं?"

मी हो म्हणाले, आणि दुपारी जबाबातही तेच लिहून दिलं. हे दुसरं खोटं.

"अगं, आता बघतोच, आम्ही बोंब मारतो असं कोण म्हणतं ते!"

आमच्या रिवाजाप्रमाणे त्यांनी कोल्हीण रस्त्याकडच्या फाटकावर उलटी टांगली, म्हणजे जाणारायेणाराने पाहावी. पोतं पुरावा म्हणून स्वतःच्या फ्रीजरमध्ये नेलं. मी नको म्हणाले नाही. व्हॅनचा नंबर त्यांनी ८ तारखेलाच रस्त्यावर टिपलेला होता. दुपारी त्यांनीच मला ठाण्यात आणलं.

१५ तारखेला दुपारी चारला गावच्या हॉलमध्ये समितीची सभा झाली. साठेक माणसं होती. नंबरावरून ठाण्याचा फोन गेल्यामुळे लोवरी आली होती. तिने उभं राहून सांगितलं, "सोडणारी मीच. जिथे सापडली तिथेच सोडायचा आमचा नियम आहे, तो मी मोडला. तिथे लोक विष घालतात. सोडण्यासारखी एकच जागा मला माहीत होती."

इदवाल म्हणाले, "वा! तुझ्या शहराची घाण तुझ्याच आईच्या दारात! बघ, तुझ्या लाडकीचे प्रताप बघ!" आणि पोतं टेबलावर उपडं केलं.

हॉलमध्ये निम्मे मेंढपाळ. धड गोठून लाकूड झालं होतं, तरी एका नजरेत सगळ्यांना कळलं. गळ्याभोवती आणि चारी घोट्यांवर सुरीची सरळ रेघ. इदवाल पोत्याची घडी घालत बसले.

लोवरी म्हणाली, "आई, कोल्ह्याला सुरी धरता येत नाही गं." मग, "कातडी कुणाला चढवलीस?"

मी म्हणाले, "सत्तावीस नंबरच्या मेंढीच्या तिळ्यातल्या एकाला. दुसरी मेंढी पाजतेय व्यवस्थित."

"बरं झालं," ती म्हणाली. "कोल्हीण मारलीस, ते मला समजतं. तुझ्या जागी मीही मारली असती कदाचित. पण फोनवर ठाण्यातल्या साहेबांनी तुझा जबाब वाचून दाखवला. मला ओळखत नाहीस? हे कुठून काढलंस?"

ती निघाली. फाटकावरची कोल्हीण तिने स्वतः सोडवून व्हॅनमध्ये ठेवली. याही वेळी घराकडे आली नाही.

मुलीला वाचवायला मी तसं लिहिलं, असं इदवाल आता गावभर सांगतात. ते चांगले आहेत, पण ते खरं नाही. माझ्या पोरीनेच हे केलं, हे खोऱ्याला कळेल याची मला लाज वाटली. आणि जनावर सोडायला तिला माझा डोंगर आठवला, सणाच्या दिवशी मी आठवले नाही, याचा राग होता. तो अजून आहे.

पहिला जबाब खोडता येत नाही आणि गुन्हा मागे घेणं माझ्या हातात नाही, हे सार्जंटनी मला समजावून सांगितलं. तरी हे त्याला जोडावं.

सार्जंटनी वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. माझ्या सांगण्याप्रमाणेच आहे. एकच दुरुस्ती करून घेतली. 'एक बाई उतरली' असं आहे, तिथे 'माझी मुलगी लोवरी उतरली' असं वाचावं. ती पाठमोरी होती आणि मध्ये दोन कुरणं होती. पण पिंजरा तिने गुडघ्यावर घेतला तेव्हाच मी ओळखलं. लहानपणी कोकरं ती तशीच उचलायची. बाकी सर्व बरोबर आहे.

सही,
मेरेरिड प्रॉसर